तिकिटाचा खरेपणा आणि ज्ञानाचे प्रामाण्य : इराणच्या जुन्या टपालतिकिटांच्या निमित्ताने

एखादे जुने टपालतिकीट ‘अस्सल’ आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा नेमके काय जाणले जाते आणि ते कोणत्या प्रमाणाने जाणले जाते, हा प्रश्न वरवर पाहता संग्राहकांच्या आणि विक्रेत्यांच्या व्यवहारातला वाटतो; परंतु भारतीय दर्शनांनी ज्ञानाच्या प्रामाण्याविषयी जो दीर्घ वाद चालवला, त्याची बहुतेक सगळी अंगे या छोट्या कागदाच्या तुकड्यावर एकत्र येतात. त्यासाठी इराणची, म्हणजे तत्कालीन पर्शियाची, काजार राजवटीतील तिकिटे हे विशेष उपयुक्त उदाहरण आहे, कारण जगातील फार थोड्या देशांच्या तिकिटांची इतकी नक्कल झाली असेल, आणि अस्सल व नकली यांच्या मधल्या पायऱ्याही अन्यत्र क्वचितच इतक्या संख्येने आढळतात.

या तिकिटांचा इतिहास थोडक्यात असा. नासिरुद्दीन शाह (राज्यकाल १८४८ ते १८९६) याच्या काळात इराणी सरकारने तिकिटांसाठी पॅरिसकडे चौकशी केली, तेथील नामवंत उत्कीर्णक आल्बेर बार याने १८६५ मध्ये सिंह आणि सूर्य या राजचिन्हाचा आराखडा तयार केला, आणि त्यावरून बनवलेले धातूचे ठसे तेहरानला पोहोचल्यावर १८६८च्या सुमारास तेथेच एक, दोन, चार आणि आठ शाही अशा चार किमतींची पहिली तिकिटे छापली गेली. (वीस शाहींचा एक क्रान आणि दहा क्रानांचा एक तुमान, असे त्या वेळचे नाण्यांचे कोष्टक होते.) या तिकिटांना कडेची छिद्रे नव्हती, ती कात्रीने कापून घ्यावी लागत. पुढे टपालव्यवस्था नीट उभारण्यासाठी रीडरर नावाचा ऑस्ट्रियन अधिकारी बोलावण्यात आला, १८७५ मध्ये जुन्याच ठशांवर सिंहाच्या पोटाखाली किमतीचा अंक कोरून नवी मालिका काढण्यात आली, १८७६ मध्ये शाहाचे चित्र असलेली तिकिटे व्हिएन्नाच्या सरकारी छापखान्यातून आली, आणि १८७७ मध्ये इराण जागतिक टपाल संघाचा सदस्य झाला. त्यानंतरच्या अर्धशतकात कधी व्हिएन्ना, कधी नेदरलँड्समधील हारलेम, कधी तेहरानातील खिळे जुळवणारा साधा छापखाना, अशा अनेक ठिकाणी ही तिकिटे छापली गेली. आणि तुटवडा पडला की हाताशी असलेल्या तिकिटांवर नवी किंमत किंवा नवा मजकूर छापून, म्हणजे ‘अधिमुद्रण’ करून, वेळ मारून नेली गेली. नकलाकाराला याहून सोयीची परिस्थिती मिळणे अवघड, कारण शाहाचे चित्र कोरायला कसब लागते, पण दोन ओळींचे अधिमुद्रण करायला जुने खिळे आणि थोडी शाई पुरते.

आता ‘अस्सल’ या धर्माचे स्वरूप पाहू. निळेपणा, जाडी, खरखरीतपणा हे कागदाचे गुण इंद्रियांना गोचर होतात. अस्सलपणा मात्र तसा गोचर होत नाही. १८७५च्या मालिकेतले चार शाहींचे तिकीट अस्सल आहे याचा अर्थ ते विशिष्ट ठशांवरून, विशिष्ट अधिकाराने, विशिष्ट काळी छापले गेले असा आहे. म्हणजे अस्सलपणा ही वस्तूच्या उत्पत्तीविषयीची गोष्ट आहे आणि उत्पत्ती तर होऊन गेलेली आहे. समोर उरतात ती केवळ लिंगे, म्हणजे ज्यांच्यावरून न दिसणाऱ्या गोष्टीचे अनुमान करायचे ती चिन्हे. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, परिभाषेत बोलायचे तर तिकीट हा पक्ष (ज्याविषयी अनुमान करायचे ते), अस्सलपणा हे साध्य (जे सिद्ध करायचे ते), आणि शाई, कागद, छपाईची रीत, रेघांची ठेवण हे हेतू (ज्यांच्या आधारे सिद्ध करायचे ते) होत.

हे हेतू किती बारीक असू शकतात याचे सुंदर उदाहरण याच मालिकेत मिळते. प्रत्येक किमतीसाठी चारच ठसे वापरले गेले, ते हाताने सुधारलेले असल्यामुळे चारही एकमेकांपासून किंचित निराळे आहेत, आणि संग्राहकांनी त्यांना चार प्रकार म्हणून नोंदवून ठेवले आहे. एका ठशात सिंहाखालचा अंक थोडा कलतो, दुसऱ्यात तो शेपटीच्या बाजूला सरकतो, कुठे चौकटीची रेघ तुटते. आणि ठसे मोजकेच असल्यामुळे हा दोष त्या ठशाच्या प्रत्येक छापात पुन्हा उमटतो. म्हणून कोणतेही अस्सल तिकीट या चारांपैकी एका प्रकारात बसलेच पाहिजे. नकलाकार बहुधा एकच तिकीट समोर ठेवून नवा ठसा करतो आणि चित्र ‘नीट’ करण्याच्या नादात सिंहाची आयाळ सारखी करतो, सूर्याचे किरण समान अंतरावर आणतो. परिणामी त्याची नक्कल मुळापेक्षा देखणी होते आणि चारांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही. दोष हेच येथे अस्सलपणाचे लिंग ठरते, ही गोष्ट सौंदर्यशास्त्राला खटकणारी असली तरी तर्काला धरून आहे.

दुसरे उदाहरण सूर्याच्या चित्राच्या तिकिटांचे. १८८१ मध्ये पाच, दहा आणि पंचवीस सेंतिमांची तिकिटे शिलामुद्रणाने, म्हणजे दगडाच्या सपाट पृष्ठावरून शाई उचलण्याच्या पद्धतीने, छापली गेली, आणि पुढच्याच वर्षी त्याच आराखड्याची तिकिटे उत्कीर्ण पद्धतीने आली. उत्कीर्ण पद्धतीत रेघा धातूत खोल कोरतात, खोबणीत शाई भरतात आणि दाबाने कागद त्या खोबणीत ढकलतात. त्यामुळे शाई कागदावर सूक्ष्म वरंब्यासारखी उभी राहते. तिरप्या उजेडात भिंगातून पाहिले तर प्रत्येक रेघेला स्वतःची छाया दिसते, आणि शिलामुद्रित तिकिटात ती दिसत नाही. उत्कीर्ण म्हणून विकल्या जाणाऱ्या तिकिटावर छायाच नसेल, तर पुढे काही पाहण्याची गरज उरत नाही.

मात्र जाणकार माणूस प्रत्यक्षात असा हेतू मांडत बसतो काय? या ठिकाणी दोन प्राचीन साक्षी महत्त्वाच्या आहेत. बौद्ध आचार्य बुद्धघोषाने पाचव्या शतकात रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा यांचा भेद समजावताना नाण्यांच्या राशीपुढे तीन माणसे उभी केली आहेत : लहान मुलाला नाण्यांचे रंग आणि आकार तेवढे दिसतात, खेडुताला ते दिसतातच, शिवाय यांनी वस्तू विकत घेता येतात हेही कळते, आणि सराफाला खरे कोणते, खोटे कोणते, मिश्र कोणते हेही कळते. इतकेच नव्हे, तर नाणे पाहून, वाजवून, हुंगून, चाखून आणि तोलून ते कोणत्या गावी किंवा नदीकाठी, कोणत्या कारागिराने घडवले हेही तो जाणतो. प्रज्ञेची सीमा ‘खोटे आहे’ एवढ्यावर न थांबवता ‘कोणी घडवले’ येथपर्यंत नेणारा हा तपशील फार मार्मिक आहे. इराणी तिकिटांच्या अभ्यासातही एखादी नक्कल तेव्हाच पुरती ओळखली गेली असे मानतात, जेव्हा ती कोणत्या नकलाकाराच्या घराण्यातली आहे हे सांगता येते.

व्याकरणकार भर्तृहरीचे म्हणणे याहून धीट आहे. ‘वाक्यपदीया’च्या पहिल्या कांडात तो म्हणतो की रत्ने आणि नाणी यांचे जाणकारांना होणारे ज्ञान केवळ अभ्यासातून उपजते, ते दुसऱ्याला सांगून देता येत नाही, आणि ते अनुमानाचे फळ नसते. तर्कापेक्षा आगम आणि परंपरा यांना अधिक वजन देण्याच्या ओघात हे विधान आले आहे, हे ध्यानात ठेवले तरी त्याचे मोल कमी होत नाही. तीस-चाळीस वर्षे काजार तिकिटे हाताळलेला माणूस पाकिटातून तिकीट अर्धवट बाहेर येताच ‘हे बरोबर नाही’ असे म्हणतो आणि कारण विचारले तर थोडा वेळ गप्प राहतो. कारणे तो नंतर शोधतो, आणि पुष्कळदा ती सापडतातही. ज्ञान आधी आणि हेतू नंतर, हा क्रम अनुमानवाद्याला अडचणीचा आहे.

नैयायिक यावर असे म्हणू शकेल की जाणकाराचे अनुमान इतके झटकन होते की त्याच्या पायऱ्या त्याला स्वतःलाच दिसत नाहीत. हे उत्तर चुकीचे नसले तरी पुरेसे नाही. अधिक उपयोगी आहे तो स्वार्थानुमान आणि परार्थानुमान हा भेद : पहिले स्वतःच्या खात्रीपुरते असते, दुसरे इतरांना पटवण्यासाठी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण इत्यादी अवयवांसह मांडावे लागते. भर्तृहरीचा जाणकार स्वतःच्या संग्रहापुरता निर्धास्त राहू शकतो; परंतु तिकीट हे विकले जाते, तारण ठेवले जाते, वारसांत वाटले जाते, आणि अशा वेळी सांगता न येणारे ज्ञान कोणाच्याच उपयोगाचे नसते. नजरेने संशय उत्पन्न करावा आणि निर्णय हेतूंनी द्यावा, अशी विभागणी येथे करावी लागते. नजरेलाच निर्णयाचा अधिकार दिला तर परंपरेच्या नावाखाली मक्तेदारी येण्यास वेळ लागत नाही, आणि तिकिटांच्या बाजारात ती आलेलीही आहे.

नजरेवर सर्वस्वी विसंबण्यातला धोका झां द स्पेराती (१८८४ ते १९५७) याच्या प्रकरणात दिसला. जन्माने इटालियन आणि वास्तव्याने फ्रान्समधला हा माणूस स्वस्त अस्सल तिकिटांवरची शाई रसायनांनी धुऊन काढी आणि त्याच कागदावर दुर्मीळ तिकीट छापी. म्हणजे कागद अस्सल, छिद्रे अस्सल, कित्येकदा टपालाचा शिक्काही अस्सल, आणि चित्र तेवढे नकली. १९४२ मध्ये त्याने लिस्बनला पाठवलेली तिकिटे फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी पकडली आणि मौल्यवान माल परवान्याविना देशाबाहेर नेल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला, तेव्हा ही आपणच केलेली नक्कल आहे असा त्याने बचाव केला. पण तज्ज्ञांनी तपासून ती तिकिटे खरी असल्याचा अहवाल दिला, आणि आपण खोटे करतो हे सिद्ध करण्यासाठी स्पेरातीला तशीच तिकिटे पुन्हा करून दाखवावी लागली. तर्कशास्त्राच्या दृष्टीने येथे हेत्वाभासाचा, म्हणजे फसव्या हेतूचा, नमुनेदार प्रसंग घडला. ‘अमुक कागद, अमुक छिद्रण आणि अमुक शिक्का असल्यामुळे तिकीट अस्सल’ हा हेतू जेथे साध्य नाही तेथेही आढळला, म्हणजे तो अनैकांतिक किंवा सव्यभिचार ठरला. आणि हा व्यभिचार दाखवणारे उदाहरण आरोपीनेच पुरवले.

यातून एक विषमता उघड होते. नकलीपणा सिद्ध करायला एकच बाधक, म्हणजे विरोधी पुरावा, पुरते : उत्कीर्ण असायला हवे ते तिकीट शिलामुद्रित निघाले, किंवा शिक्क्यातली तारीख तिकीट निघण्याच्या आधीची असली, की प्रकरण संपले. अस्सलपणा सिद्ध करणारा असा एकटा हेतू मात्र नसतो, कारण प्रत्येक हेतूची नक्कल तत्त्वतः शक्य असते. ‘अस्सल’ या निर्णयाचा खरा आशय ‘बाधक आढळले नाही’ एवढाच राहतो. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन याने १९६८ मध्ये चित्रकलेतील परिपूर्ण नकलेची चर्चा करताना असे सुचवले होते की आज दोन वस्तूंतला भेद दिसत नसला तरी तो उद्या दिसू शकेल, ही जाणीवच आजच्या पाहण्यात फरक करते. काजार तिकिटांच्या बाबतीत हे अक्षरशः घडले : ज्या अधिमुद्रणांना जुन्या पिढीने अस्सल मानले, त्यांतील कित्येकांचे खिळे पुढे मोठ्या प्रमाणावर तुलना झाल्यावर वेगळे निघाले.

प्रामाण्य ठरवण्याची न्यायदर्शनाची आणखी एक कसोटी प्रवृत्तिसामर्थ्य ही आहे : ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली तर ते ज्ञान यथार्थ होते असे ओळखावे, मृगजळाकडे धावणाऱ्याची तहान भागत नाही, तळ्याकडे जाणाऱ्याची भागते. तिकिटाला ही कसोटी लावली तर विलक्षण घोटाळा होतो. पत्र पोहोचवणे हे तिकिटाचे कार्य. पण टपालखात्यालाच फसवण्यासाठी केलेले नकली तिकीट हे कार्य बिनबोभाट करून जाते. लंडनच्या शेअरबाजारातील टपालकचेरीत १८७२-७३ मध्ये तारेच्या अर्जांवर एक शिलिंगाची हिरवी नकली तिकिटे सर्रास लावली गेली, ती सगळी कामाला आली, आणि त्यांचा पत्ता लागला तो पंचवीस वर्षांनी, १८९८ मध्ये, जेव्हा त्यांच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांच्या काही जोड्या अस्सल पानावर असूच शकत नाहीत हे लक्षात आले. उलट, कित्येक अस्सल इराणी तिकिटे केवळ संग्राहकांना विकण्यासाठी कचेरीत शिक्का मारून ठेवली गेली, आणि त्यांनी कधी एकही पत्र वाहिले नाही. खोटे तिकीट सफल आणि खरे तिकीट निष्फळ, असे दोन्ही बाजूंचे अपवाद असताना सफलतेवरून खरेपणा ठरवणे अवघड होते. अर्थात नैयायिकाला पळवाट आहे : सफलता झाली ती तिकिटाची नव्हे, तर टपाल कारकुनाच्या बेसावधपणाची.

प्रश्न आणखी खोल जातो तो अधिकाराच्या मुद्द्यावर. १९०२ मध्ये मशहद येथील टपालप्रमुख व्हिक्तोर कास्तेन याने तिकिटांची टंचाई पडली म्हणून स्थानिक पातळीवर तिकिटे छापून घेतली. कागद, शाई, छापखाना, उद्देश यांत लपवाछपवी काही नव्हती; छापणारा अधिकारीही खराच होता; वरच्यांची संमती मात्र वादग्रस्त राहिली. या तिकिटांना अस्सल म्हणावे की नाही हे कोणतेही भिंग सांगू शकत नाही, कारण वाद वस्तूविषयीचा नसून अधिकाराविषयीचा आहे. आणि गंमत अशी की या संशयास्पद तिकिटांच्याही पुढे नकला झाल्या, ज्या निःसंशय खोट्या आहेत.

बूशहरचे उदाहरण याहून टोकदार आहे, आणि त्याचा मुंबईशीही धागा आहे, कारण इराणच्या आखातावरील या बंदरात १८६४ पासून ब्रिटिश हिंदुस्थानचे टपालखाते कचेरी चालवीत होते आणि सुरुवातीला तिचा कारभार मुंबई टपाल विभागाकडे होता. ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटिश फौजांनी बूशहर ताब्यात घेतले, तेव्हा कचेरीत सापडलेल्या, त्या वेळच्या अहमद शाहाच्या इराणी तिकिटांवर ‘बूशहर, ब्रिटिश ताब्याखाली’ अशा अर्थाचे तीन ओळींचे इंग्रजी अधिमुद्रण करण्यात आले, आणि ती दोन महिने चालून ऑक्टोबरात बंद झाली. या मजकुराच्या शेवटी पूर्णविराम आहे, काही ठिकाणी तो सुटलेला आहे, आणि केवळ त्या सुटलेल्या टिंबासाठी संग्राहक जादा पैसे मोजतात. तेव्हा नकलाकाराचे काम किती सोपे झाले ते पाहावे : खाली छापलेले शाहाचे तिकीट अस्सल आणि स्वस्त, वर तीन ओळी घातल्या की झाले दुर्मीळ. अशा वस्तूला खोटी म्हणताना खोटेपणा नेमका कुठे राहतो? कागदात नाही, चित्रात नाही, शाहाच्या मुद्रेतही नाही. फक्त वरच्या शाईच्या पातळ थरात. अवयवांहून निराळा अवयवी, म्हणजे भागांहून वेगळा असा एकसंध पूर्ण पदार्थ असतो, असे मानणारे नैयायिक आणि तसा पूर्ण पदार्थ नाकारणारे बौद्ध यांच्यातला जुना वाद येथे आपोआप उभा राहतो, आणि या एका बाबतीत बौद्धांची बाजू जड वाटते. तिकीट हा एक पदार्थ न मानता अधिमुद्रण, मूळ छपाई, डिंक आणि शिक्का यांचा संघात मानला, तर प्रत्येकाचे प्रामाण्य स्वतंत्रपणे तपासता येते, आणि परीक्षक करतात तेही नेमके हेच.

नकलेत फसवणुकीचा उद्देश आवश्यक आहे काय, हाही मुद्दा आहे. जिनिव्हाचा फ्रांस्वा फूर्निए (१८४६ ते १९१७) आपली तिकिटे ‘प्रतिकृती’ म्हणून उघडपणे याद्या छापून विकी, आणि महाग तिकिटे परवडत नाहीत अशा संग्राहकांची आपण सेवा करतो, असे म्हणे. त्याच्या निधनानंतर उरलेला साठा १९२८ मध्ये जिनिव्हाच्या संग्राहक संघाने विकत घेतला, त्यातून अभ्यासासाठी ४८० संदर्भ-संग्रह तयार केले आणि बाकीचा माल नष्ट केला. फूर्निएच्या टेबलावर प्रतिकृती असलेला कागद तिसऱ्याच्या पाकिटात गेल्यावर बनावट होतो, तरी कागदात काहीच बदललेले नसते. म्हणजे उत्पत्तीइतकाच वापराचाही विचार करावा लागतो, आणि वर मांडलेली ‘अस्सलपणा म्हणजे उत्पत्ती’ ही व्याख्या नकलीपणाला जशीच्या तशी उलटवता येत नाही.

आता मूळ वादाकडे वळता येईल. मीमांसक कुमारिल भट्टाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते खोटे ठरवायला बाहेरून काहीतरी यावे लागते, मग ते कारणातील दोषाचे ज्ञान असो किंवा बाधक ज्ञान असो. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञान खरे असल्याची खात्री दुसऱ्या ज्ञानाने करून घ्यावी लागते, आणि गंगेशाच्या ‘तत्त्वचिंतामणी’त या मताची अतिशय काटेकोर मांडणी आहे. इराणी तिकिटांच्या बाजारात कुमारिलाच्या वाटेने जाणारा माणूस पहिल्याच खरेदीत बुडेल. काही मालिकांच्या बाबतीत तिकीटसूचीतच बनावटींबद्दल इशारा दिलेला असतो, आणि तेथे ‘खोटे ठरेपर्यंत खरे’ हा नियम उलटा करावा लागतो. पण परतःप्रामाण्यालाही खर्च आहे. तिकिटाच्या खात्रीसाठी प्रमाणपत्र घेतले, तर प्रमाणपत्राच्या खात्रीसाठी काय घ्यावे? लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची परीक्षक समिती १८९४ पासून मते देत आली आहे, तरी प्रमाणपत्रांच्याही नकला निघतातच, आणि खरे प्रमाणपत्र दुसऱ्याच तिकिटाला जोडण्याचा उद्योगही निघतो. म्हणून प्रमाणपत्रावर तिकिटाचे छायाचित्र चिकटवून त्यावर अर्धा शिक्का मारण्याची प्रथा पडली. अनवस्थेचा, म्हणजे कधीच न संपणाऱ्या साखळीचा, जो आक्षेप मीमांसकांनी नैयायिकांवर घेतला, तो येथे कागदोपत्री सिद्ध होतो.

जैन तार्किकांनी, विशेषतः माणिक्यनंदीने ‘परीक्षामुख’ या ग्रंथात, मधला मार्ग घेतला : परिचित विषयात प्रामाण्य स्वतः कळते, अपरिचित विषयात ते परतः कळते. तडजोडीचा वास येत असला तरी परीक्षकाच्या खोलीत हेच मत सर्वांत जास्त उपयोगी पडते. त्याच माणसाला १८७६च्या व्हिएन्ना छपाईत शंका येत नाही, कारण तशी हजारो तिकिटे त्याच्या हाताखालून गेलेली असतात, आणि तोच माणूस ‘प्रोव्हिझ्वार १३१९’ हा मजकूर असलेल्या, खिळे जुळवून छापलेल्या १९०२च्या तिकिटापुढे प्रत्येक अक्षराची ठेवण नमुन्याशी ताडून पाहतो. तपास कुठे थांबवायचा यावर कुमारिलाचे उत्तर मात्र अजूनही सर्वांत व्यवहार्य आहे : तीन-चार ज्ञाने एकामागोमाग जुळली आणि नवी विशिष्ट शंका उरली नाही, तर केवळ ‘शंका घेता येईल’ म्हणून आणखी पुरावा मागू नये. छपाईची रीत, कागद, ठशाचा प्रकार आणि शिक्क्याची तारीख या चारांनी एकमेकांना छेद दिला नाही, की परीक्षक लेखणी उचलतो आणि ‘अस्सल आहे’ असे न लिहिता ‘अस्सल आहे असे आमचे मत आहे’ असे लिहितो.